वेब अ‍ॅपमध्ये नोटिफिकेशन्स घालायची आहेत, सुरुवात कुठून करावी?

तिसरा_मजला

गृहनिर्माण सोसायट्यांसाठीचं वेब अ‍ॅप आहे. तक्रारी, देखभाल शुल्काची बिलं, नोटीस बोर्ड एवढंच. जँगो ४.२ (पायथनचं वेब फ्रेमवर्क), पोस्टग्रेस (डेटाबेस), मागची कामं रांगेने करायला सेलरी आणि रेडिस, पुढे एनजिनएक्स (वेब सर्व्हर), सगळं ४ जीबीच्या एकाच व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर). साधारण ६,००० खाती, एका वेळी फार तर ३०० जण ऑनलाइन. तक्रारीला उत्तर आलं, बिल निघालं, सभेची नोटीस लागली की सदस्यांना कळायला हवं. वरच्या पट्टीत घंटी, फोनवर पुश, ईमेल, आणि काही समित्यांना एसएमएसही हवाय. वेबसॉकेटपासून (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी दुतर्फी जोडणी) सुरुवात करायचा विचार आहे. क्रम काय ठेवावा आणि घोळ कुठे होतात?

पाइपलाइनवाली

वेबसॉकेट सगळ्यात शेवटी घ्या, बहुधा लागणारच नाही. आधी टेबल, मग रांग, मग घंटी, मग ईमेल, मग पुश. निरोप पोचवायच्या वाटा कितीही असोत, खरी नोंद टेबलातच राहते. पुश हरवला, ईमेल स्पॅममध्ये गेला, तरी घंटी उघडल्यावर सगळं दिसलं पाहिजे.

टेबलात एवढे रकाने पुरतात: आयडी, कोणासाठी, प्रकार (तक्रार_उत्तर, नवे_बिल, नोटीस), कोणी केलं, कशावर (वस्तूचा प्रकार आणि आयडी), थोडा जेसनबी डेटा (पोस्टग्रेसचा जेसन रकाना), गट_किल्ली, कधी घडलं, कधी वाचलं. 'वाचलं' हा हो/नाही ठेवू नका, वेळ ठेवा. रिकामा म्हणजे न वाचलेला. पुढे 'ईमेल जाण्याआधी वाचलं होतं का' हे तपासायला तीच वेळ कामाला येते.

तयार वाक्य टेबलात साठवायचं नाही. प्रकार आणि आयडी साठवा, वाक्य दाखवताना बनवा. तक्रारीचं शीर्षक बदललं, कोणी नाव दुरुस्त केलं, सदस्याने भाषा मराठीवरून इंग्रजी केली, तर जुनी वाक्यं तशीच अडकून पडत नाहीत. वस्तूच उडवली असेल तर 'ही तक्रार काढून टाकली आहे' एवढं दाखवा, ५०० एरर नको. आणि दाखवताना परवानगी पुन्हा तपासा. फ्लॅट विकून गेलेल्या माणसाच्या घंटीत जुन्या सोसायटीचा मजकूर दिसत राहतो, हे फार अ‍ॅपांत राहून जातं.

इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) दोन. एक (कोणासाठी, आयडी उतरत्या क्रमाने), दुसरा फक्त न वाचलेल्या ओळींवरचा अर्धवट इंडेक्स. घंटीवरच्या लाल आकड्यासाठी (न वाचलेले किती) सगळं मोजत बसू नका. आत १०० ची मर्यादा असलेली उपक्वेरी घ्या, बाहेर मोजा, १०० आले की '९९+' दाखवा. ९९ च्या पुढचा नेमका आकडा कोणाला हवा असतो?

कंसातला

वरच्याला +१, फक्त एक भर. 'पाहिलं' आणि 'वाचलं' वेगळं ठेवा. घंटी उघडली की लाल आकडा जायला हवा, पण ठळक ओळ त्या ओळीवर टिचकी मारल्यावरच फिकी व्हावी. 'पाहिलं' साठी दर ओळीला रकाना नको, सदस्याच्या ओळीत 'घंटी शेवटची कधी उघडली' ही एकच वेळ पुरते. मग लाल आकडा म्हणजे त्या वेळेनंतरच्या न वाचलेल्या ओळी.

सर्व्हर_शेजारी

रांगेबद्दल. जँगोत सर्रास दिसणारी चूक म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे डेटाबेसचे बदल) चालू असतानाच सेलरीला काम देणं. वर्कर (काम करणारी प्रोसेस) इतका चपळ असतो की कमिट (पक्कं) होण्याआधीच ओळ शोधायला जातो, 'अशी नोंद नाही' म्हणून पडतो. उलट बाजूने, ट्रान्झॅक्शन रोलबॅक (रद्द) झालं तरी ईमेल निघून गेलेला असतो. नोटिफिकेशनची ओळ मूळ बदलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहा, आणि काम मात्र ऑन_कमिटमधून (कमिट झाल्यावरच चालणाऱ्या कॉलमधून) द्या. कामाला फक्त आयडी पाठवा, अख्खा ऑब्जेक्ट नाही.

ऑन_कमिटलाही एक फट आहे. कमिट झालं, आणि रेडिसला काम देण्याआधी प्रोसेस मेली, तर ओळ आहे पण निरोप गेलाच नाही. म्हणून दर वाटेची वेगळी ओळ असलेला 'पाठवलं' चा एक तक्ता ठेवा (नोटिफिकेशन आयडी, वाट, स्थिती, किती प्रयत्न, कधी पाठवायचं). दर मिनिटाला एक काम येऊन राहिलेल्या ओळी उचलेल. उचलताना 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड' वापरा, पोस्टग्रेसमध्ये ते ९.५ पासून आहे. दोन वर्कर एकाच ओळीवर पडत नाहीत. (नोटिफिकेशन आयडी, वाट) वर युनिक बंधन घाला म्हणजे तोच निरोप दोनदा रांगेत लागणार नाही.

आता सेलरी आणि रेडिस एकत्र असताना हमखास बसणारा फटका. रात्री १० ते सकाळी ७ शांतता पाळायची म्हणून लोक काम ९ तासांच्या काउंटडाउनने ('एवढ्या वेळाने चालव' असं सांगून) टाकतात. रेडिसवर व्हिजिबिलिटी टाइमआउट मूळचा १ तासाचा असतो. तेवढ्या वेळात काम पूर्ण झालं नाही की ते हरवलं असं समजून पुन्हा वाटलं जातं. वर्कर ते हातात धरून बसलेला असतोच, त्यात दर तासाला आणखी एक प्रत. सकाळी ७ ला त्या माणसाला तोच ईमेल आठ-नऊ वेळा. टाइमआउट वाढवणं हा उपाय नाही, कारण मग खरोखर मेलेली कामंही तेवढा वेळ अडकतात. 'कधी पाठवायचं' ही वेळ तक्त्यात लिहा आणि मिनिटाच्या कामाला उचलू द्या. १० मिनिटांपर्यंतचं काउंटडाउन बिनधास्त वापरा.

लालघंटी

मग ब्राउझरला ताजं कसं कळणार? वेबसॉकेट नको तर काय, दर ५ सेकंदांनी विचारायचं? ते तर अजूनच वाईट.

पाइपलाइनवाली

५ कशाला, ३० सेकंद घ्या. ३०० जण, दर ३० सेकंदांना एकदा, म्हणजे सेकंदाला १० विनंत्या, त्याही अर्धवट इंडेक्सवरच्या. हा व्हीपीएस ते झोपेत करेल. टॅब मागे असेल (डॉक्युमेंट व्हिजिबिलिटी 'हिडन') तेव्हा विचारणं थांबवा आणि टॅब पुढे आला की लगेच एकदा विचारा. बऱ्याच जणांचा टॅब नुसता उघडा पडलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात विनंत्या याहून कमीच येतात. तक्रारीचं उत्तर अर्ध्या मिनिटाने कळलं म्हणून काही बिघडत नाही. हे चॅट नाही.

सर्व्हर_शेजारी

सहमत, पण लिफ्ट अडकली, पाणी बंद, अशा सूचना तात्काळ हव्या असतील तर एसएसई (सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, सर्व्हर ब्राउझरला आपणहून निरोप पाठवत राहतो) घ्या. संवाद एकतर्फी आहे, साधं एचटीटीपी आहे, तुटलं तर ब्राउझर आपणहून जोडतो. नेहमी अडणाऱ्या जागा या:

गनिकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर) सिंक, म्हणजे एका वेळी एकच विनंती घेणाऱ्या, वर्करवर असेल तर प्रत्येक उघडी जोडणी एक वर्कर अडवते. ४ वर्कर असतील तर पाचव्या माणसाला साइटच उघडत नाही. एसएसईचा मार्ग वेगळ्या एएसजीआय (असिंक जोडण्या सांभाळणाऱ्या) प्रोसेसवर न्या. स्ट्रीमिंग रिस्पॉन्सला असिंक इटरेटर जँगो ४.२ पासून चालतो, म्हणजे तुमचं काम होतंय.

एनजिनएक्स उत्तर बफर करतो. लोकलवर सगळं चालतं आणि सर्व्हरवर काहीच येत नाही, ते यामुळे. त्या मार्गापुरतं प्रॉक्सी बफरिंग बंद करा किंवा उत्तरात एक्स-अ‍ॅक्सेल-बफरिंग 'नो' हा हेडर द्या. प्रॉक्सी रीड टाइमआउट मूळचा ६० सेकंदांचा असतो, म्हणून दर २० सेकंदांनी कोलनने सुरू होणारी रिकामी टिप्पणी-ओळ पाठवत राहा.

एचटीटीपी १.१ वर एका साइटला ब्राउझर ६ च जोडण्या देतो. सहा टॅब उघडले की सातवा लटकला. एचटीटीपी २ चालू करा, प्रश्न मिटतो.

इव्हेंटसोर्सला (ब्राउझरची एसएसई जोडणी) स्वतःचे हेडर लावता येत नाहीत. टोकन हेडरमधून पाठवत असाल तर इथे कुकी वापरा. टोकन यूआरएलमध्ये टाकू नका, ते अ‍ॅक्सेस लॉगमध्ये उघडं पडतं.

नवी आवृत्ती चढवली की ३०० जोडण्या एकदम तुटतात आणि एकदम परत येतात. रीट्रायची वेळ प्रत्येकाला वेगळी द्या, २ ते १० सेकंदांमधली कुठलीही.

पोस्टग्रेसचं लिसन/नोटिफाय (डेटाबेसनेच निरोप देण्याची सोय) इथे छान बसतं, कारण नोटिफाय कमिट झाल्यावरच सुटतं. त्याच्यासोबत फक्त सदस्याचा आयडी पाठवा, ८,००० बाइटची मर्यादा आहे. मध्ये पीजीबाउन्सर (डेटाबेसच्या जोडण्या वाटून देणारा) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर लिसन चालत नाही, त्याला थेट जोडणी द्या.

कंसातला

तुटून परत जोडल्यावर 'शेवटचा आयडी १०५ होता, त्यापुढचे दे' असं मागू नका. आयडी ओळ घालताना मिळतो, ओळ दिसते मात्र कमिटनंतर. १०४ चं ट्रान्झॅक्शन रेंगाळलं आणि १०५ आधी कमिट झालं, तर ब्राउझर १०५ वर पोचलेला असतो आणि १०४ त्याला कधीच दिसत नाही. चाचणीत हे सापडत नाही, पहिल्या तारखेला बिलं निघताना सापडतं. जोडल्यावर सरळ ताज्या २० ओळी मागवा आणि आयडीवरून दुहेरी गाळा.

तिसरा_मजला

वा, बरंच मिळालं. मग घंटी ३० सेकंदांच्या पोलिंगवरच ठेवतो, एसएसई नंतर बघू. दोन प्रश्न. एका तक्रारीवर १५ प्रतिसाद आले की १५ ओळी नकोत. आणि नोटीस सगळ्या सोसायटीला जाते, तिच्यासाठी माणशी एक ओळ लिहायची का?

पाइपलाइनवाली

नोटिशीसाठी माणशी ओळ लिहा. ४०० फ्लॅटच्या ४०० ओळी एकाच बल्क इन्सर्टमध्ये पडतात. 'एकच ओळ आणि प्रत्येकाचा शेवटचा वाचलेला आयडी' ही रचना लाखांच्या घरातल्या लोकांसाठी आहे. इथे तिच्यामुळे वाचलं/न वाचलं, पसंती आणि मोजणी या तिन्हींत दोन-दोन वाटा तयार होतात.

गटासाठी गट_किल्ली, उदाहरणार्थ 'तक्रार:८१२:उत्तर'. (कोणासाठी, गट_किल्ली) वर युनिक इंडेक्स, पण फक्त न वाचलेल्या ओळींपुरता. नवा प्रतिसाद आला की 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट', वेळ पुढे सरकवा. सदस्याने वाचलं की ती ओळ इंडेक्समधून बाहेर पडते आणि पुढचा प्रतिसाद नवी ओळ सुरू करतो. अर्धवट इंडेक्स असल्याने 'ऑन कॉन्फ्लिक्ट' मध्येही तीच अट पुन्हा लिहावी लागते, नाहीतर पोस्टग्रेस जुळणारं बंधन नाही म्हणून ओरडतं. इथे ओआरएमच्या (जँगोच्या डेटाबेस थराच्या) नादी न लागता सरळ एसक्यूएल लिहा.

गटाची ओळ 'अमुक आणि इतर ४ जणांनी उत्तर दिलं' अशी दाखवाल, त्यातला ४ हा प्रतिसादांचा आकडा नाही, माणसांचा आहे. एकाच सेक्रेटरीने पाच उत्तरं दिली तर 'इतर' शून्यच. त्यासाठी (नोटिफिकेशन आयडी, माणूस) असा जोडतक्ता, दोन्ही मिळून प्रायमरी की, दुहेरी आलं तर दुर्लक्ष. आणि स्वतःच्या कृतीची सूचना स्वतःला जाऊ देऊ नका. साधी अट असते, विसरली जाते.

अर्धविराम

वाक्यांच्या साच्यांबद्दल, कारण इंग्रजी साचे तसेच मराठीत उतरवले की हसं होतं. 'अमुक गटात आला/आली' या साच्याला लिंग माहीत असावं लागतं. 'अमुक यांनी तुमच्या तक्रारीला उत्तर दिलं' याला लागत नाही, क्रियापद उत्तराशी जुळतं. नावाला थेट 'ने' चिकटवण्यापेक्षा सुटं 'यांनी' बरं, नाव रोमन लिपीत असलं तरी वाचायला नीट लागतं. जिथे जमेल तिथे साचा 'यांनी + केलं/दिलं' असा वळवा: 'यांनी सदस्यत्व घेतलं', 'यांनी बिल भरलं'.

'१ नवा प्रतिसाद', '५ नवे प्रतिसाद' यासाठी एकवचन आणि अनेकवचन असे दोनच साचे लागतात. ब्राउझरमध्ये मराठी लोकेल दिलं की आकडे आपोआप देवनागरीत येतात. सर्व्हरवरून मात्र इंग्रजी आकडे येणार. पट्टीत '५' आणि ईमेलमध्ये इंग्रजी आकडा अशी सरमिसळ नको, एक काय ते ठरवा.

शीर्षक कापताना बाइट मोजून कापलं तर शेवटी चौकोन उमटतो. कोडपॉइंट (युनिकोडची सुटी चिन्हं) मोजून कापलं तर मात्रा गळते किंवा शेवटी लटकता हलन्त राहतो, 'दुरुस्ती' चं 'दुरुस्' होतं. ब्राउझरमध्ये इंटल सेगमेंटर (अक्षरं नीट तोडणारी सोय) वापरा, नाहीतर सरळ शेवटच्या मोकळ्या जागेवर कापा.

लालघंटी

पुशचं कोणी सांगेल का? परवानगी मागितली की लोक 'ब्लॉक' करतात आणि मग संपलंच.

सहा_आकडी

पान उघडताच परवानगी मागू नका. फायरफॉक्स ७२ पासून आणि सफारीतही टिचकीशिवाय ती खिडकी येतच नाही, क्रोम अशा साइटची विनंती गुपचूप कोपऱ्यात ढकलू शकतो. तक्रार नोंदवल्यावर तिथेच आपलं स्वतःचं बटण दाखवा: 'उत्तर आलं की फोनवर कळवू का?' 'हो' दाबलं तरच ब्राउझरची खिडकी उघडा. आपल्या बटणाला 'नको' म्हटलं तर महिन्याने पुन्हा विचारता येतं. ब्राउझरच्या खिडकीत नकार दिला तर साइटच्या सेटिंगमध्ये जाऊनच तो बदलावा लागतो.

आयफोनवर आयओएस १६.४ (मार्च २०२३) पासून वेब पुश चालतं, पण फक्त होम स्क्रीनवर घेतलेल्या अ‍ॅपला. मॅनिफेस्टमध्ये (वेब अ‍ॅपच्या माहितीच्या फाइलमध्ये) डिस्प्ले 'स्टँडअलोन' हवा. साध्या सफारी टॅबमध्ये पुशचा एपीआयच नसतो, तिथे बटण दाखवण्याऐवजी 'शेअर दाबून होम स्क्रीनवर घ्या' हे चित्रासह सांगा.

जँगोच्या खास अडचणी. सर्व्हिस वर्करची (पान बंद असतानाही पुश घेणारा ब्राउझरमधला कोड) फाइल स्टॅटिक फोल्डरमधून दिली तर तिची हद्द त्या फोल्डरपुरतीच राहते आणि अख्ख्या साइटवर लागू होत नाही. ती मुळाशी, म्हणजे डोमेननंतर लगेच, वेगळ्या व्ह्यूमधून द्या. फाइलच्या नावाला हॅश लागू देऊ नका, कॅशे 'नो-कॅशे' ठेवा.

पायवेबपुश (पुश पाठवणारी पायथन लायब्ररी) वापरणार असाल तर तीन गोष्टी. पहिली, टीटीएल (निरोप किती वेळ जपून ठेवायचा) मूळचा ० असतो. म्हणजे त्या क्षणी फोन नेटवर नसेल तर निरोप फेकला जातो. चाचणी करताना फोन हातातच असतो, म्हणून हे लक्षात येत नाही. तक्रारीच्या उत्तराला एक दिवस (८६,४०० सेकंद) द्या. '११ ते १ पाणी बंद' याला १ वाजेपर्यंतचीच मुदत द्या, संध्याकाळी फोन चालू केल्यावर ती सूचना येण्यात अर्थ नाही. दुसरी, व्हॅपिड (पुश सेवेला तुमच्या सर्व्हरची ओळख पटवणारी सही) क्लेम्सची डिक्शनरी लायब्ररी स्वतः भरते. तीच पुन्हा वापरली तर पहिल्या ग्राहकाचा 'ऑड' (पुश सेवेचा पत्ता) तसाच राहतो, क्रोमवाल्यांना जातं आणि फायरफॉक्सवाल्यांना नकार मिळतो. दर वेळी नवी प्रत द्या. तिसरी मराठीवाल्यांची. मजकुराची मर्यादा ३,९९३ बाइट. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं. पण पायथनचा जेसन डम्प्स मूळ सेटिंगमध्ये त्याचं 'यू' वालं सहा अक्षरी रूप करतो, म्हणजे ६ बाइट. १,३०० चिन्हांची जागा साडेसहाशेवर येते. 'एन्शुअर अ‍ॅस्की' फॉल्स करा. तसंही पुशमध्ये शीर्षक, एक ओळ आणि दुवा, एवढंच पाठवा.

उत्तराचे कोड: २०१ म्हणजे पुश सेवेने घेतलं (फोनवर दिसलं असं नव्हे). ४०४ किंवा ४१० आला की ती नोंदणी लगेच पुसा. ४२९ आला तर रीट्राय-आफ्टर पाळा. व्हॅपिडची खाजगी किल्ली बॅकअपमध्ये ठेवा, ती हरवली की सगळ्या नोंदण्या बाद होतात आणि प्रत्येकाला पुन्हा नोंदवावं लागतं.

लॉगआउट करताना नोंदणी काढा. सोसायटीच्या ऑफिसातला संगणक तीन जण वापरतात, जुन्या माणसाची थकबाकी नव्याच्या पडद्यावर झळकते. त्याच कारणाने लॉक स्क्रीनवर रक्कम नको, 'नवं बिल आलं आहे' पुरे.

सर्व्हर_शेजारी

पुशचा एंडपॉइंट (निरोप टाकायचा पत्ता) ब्राउझरकडून येतो, म्हणजे वापरकर्त्याने दिलेल्या पत्त्यावर तुमचा सर्व्हर पोस्ट करणार. कोणी तिथे आतल्या नेटवर्कचा पत्ता घुसवू शकतो. एचटीटीपीएसच हवं, खाजगी आयपी नको, शक्य तर माहीत असलेल्या पुश सेवांचीच डोमेनं चालू द्या.

पाइपलाइनवाली

ईमेल: सूचना झाल्यावर १० मिनिटं थांबा, तेवढ्यात घंटीत वाचलं असेल तर पाठवूच नका. निम्मी कटकट इथेच संपते. पहिल्या तारखेच्या ६,००० बिलांसाठी रांग वेगळी ठेवा, नाहीतर तक्रारीचं उत्तर त्या सगळ्यांच्या मागे उभं राहतं. सेलरीचा रेट लिमिट दर वर्करला लागतो, सगळ्यांना मिळून नाही, हे धरून आकडा टाका. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला जीमेल खात्यांवर ५,००० च्या आसपास मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) तिन्ही लागतात. बिलाच्या दिवशी तुम्ही त्या रेषेजवळ जाणार, तेव्हा आत्ताच लावून घ्या. नोटिशींच्या साप्ताहिक मेलला एका टिचकीत बंद करायचा हेडरही द्या.

शांततेच्या वेळेसाठी सदस्याचा टाइमझोन नावाने साठवा (एशिया/कोलकाता, युरोप/लंडन). पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन लंडनला राहणारे मालक असतात, आणि तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ हलतं. '+०१:००' साठवलं तर अर्धं वर्ष चुकेल.

तिसरा_मजला

आणि एसएमएस? सभेची नोटीस त्यानेच पाठवा असा एका समितीचा आग्रह आहे.

सहा_आकडी

नोटीस म्हणून नको, आठवण म्हणून ठीक. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आदर्श उपविधींनुसार पूर्ण १४ दिवस आधी, विषयपत्रिकेसह द्यावी लागते. ती ७० अक्षरांत कुठली बसायला. मराठी एसएमएस युनिकोडमध्ये जातो, त्यामुळे एका भागात १६० ऐवजी ७०, आणि लांबला तर प्रत्येक भागात ६७. त्यातही मात्रा वेगळी मोजली जाते: 'पाणीपुरवठा' डोळ्यांना सहा अक्षरं, मोजणीत दहा. साचा लिहितानाच कोडपॉइंट मोजा, सगळ्यात लांब नाव घालून.

ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसच्या नोंदणीची यंत्रणा) संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि साचा तिन्ही नोंदवावे लागतात. नोंदवलेला साचा आणि पाठवलेला मजकूर यांत एका मोकळ्या जागेचा फरक असला तरी मेसेज ऑपरेटरकडे अडतो, आणि पुरवठादाराच्या एपीआयने मात्र तुम्हाला 'स्वीकारलं' म्हणून सांगितलेलं असतं. म्हणून एपीआयच्या उत्तरावर 'पाठवलं' ची खूण करू नका, डिलिव्हरी रिपोर्टचा वेबहुक (पुरवठादाराने कळवायचा तुमच्या सर्व्हरवरचा पत्ता) लावा. मजकुरात दुवा असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून तोही आधी नोंदवलेला लागतो. साचा डीएलटी पोर्टलवरून जसाच्या तसा उचलून कोडमध्ये ठेवा, एडिटरला ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा छाटू देऊ नका.